शेवटच्या बाकावरचे हात

"मला वेळ नाही," पप्पा म्हणाले आणि सूपच्या वाटीत पाव बुडवू लागले.

आत्याच्या हातातला डाव हवेतच थांबला. "काय नाही?"

"वेळ. पुढच्या रविवारी ऑर्गन मी वाजवणार नाही. त्यानंतरच्याही नाही."

घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून बसलेला माणूस वेळ नाही म्हणतो, हे थोरलीने पहिल्यांदाच ऐकलं. तिने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने खांदे उडवले. बस चालवून चालवून त्याला एक सवय लागली होती. पुढे काही आडवं आलं की तो आधी फक्त थांबायचा.

आत्या थांबणाऱ्यातली नव्हती. चर्चच्या पंचमंडळात ती इतकी वर्षं होती की पाळक बदलले, खुर्च्या बदलल्या, आत्या तिथेच. पुढच्या रविवारचा सगळा बेत तिचाच होता. बंद पडलेला ऑर्गन पुन्हा वाजणार, शेजारच्या मंडळ्यांचे लोक येणार, आणि ज्याने उभं आयुष्य तो वाजवला तोच पहिलं गीत वाजवणार.

"बाळ्या, तू आजारी आहेस का?"

"नाही, अक्का."

"मग रुसलायस? कुणी काही बोललं? मागे त्या शिक्षकाने कीबोर्ड वाजवला म्हणून—"

"बिचारा चांगला वाजवतो."

"चांगला! उपासनेत बसलेय की दातांच्या डॉक्टरकडे, तेच कळत नाही मला."

एरवी आत्याने पूर्व म्हटलं की धाकटा पश्चिम म्हणायचा. आज तो तिच्या बाजूने बोलला. "पप्पा, निदान ताईचा तरी विचार करा. वर्षभर ती चर्चच्या पोटमाळ्यावर ऑर्गनमधल्या उंदरांच्या लेंड्या उपसत होती, ते काय शिक्षकासाठी?"

पप्पांनी थोरलीकडे पाहिलं. त्या नजरेत अपराधीपणा नव्हता, की हट्टही नव्हता. काहीतरी सांगायचं आहे आणि सांगता येत नाही, असं होतं.

"ऑर्गन फार छान झालाय गं," ते म्हणाले. मग उठून वाटी धुवायला गेले.

थोरलीचा धंदा वाद्यं दुरुस्त करण्याचा. पियानो, पेट्या, आणि नशिबाने कधी मिळालाच तर ऑर्गन. आपल्या गावातल्या कार्यशाळेतून अर्धा आठवडा मोकळा मागून घेऊन वर्षभर ती इकडे येत होती, आणि रविवार उजाडायच्या आत परत जात होती. चर्चशी तिचं भांडण नव्हतं, पण उपासनेला बसून कैक वर्षं झाली होती. तिने भात्याचं फाटलेलं चामडं खरवडून काढलं, नवं सरसाने चिकटवलं. नळ्या एकेक करून खाली उतरवल्या, धुतल्या, वाळवल्या, पुन्हा आपापल्या भोकात बसवल्या. हे सगळं करताना डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. पप्पा त्या जुन्या बाकड्यावर बसतायत, पट्टीवर बोट ठेवतायत आणि त्यांचा चेहरा. बाकी मंडळी, पंच, पाहुणे गेले उडत.

आता तो चेहराच दिसायचा नव्हता. राग यायला हवा होता, आणि आलाही. पण थोरलीचा स्वभाव असा, की बंद पडलेली वस्तू समोर आली की रागाच्या आधी तिला कुतूहल वाटायचं. आत नेमकं काय अडकलंय? त्याच रात्रीची परतीची गाडी तिने सोडून दिली आणि आपल्या जुन्या खोलीत पथारी टाकली.

दोन दिवसांत तिला बरंच दिसलं. सकाळी पप्पा गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसत. बोटांचे सांधे बटाट्यासारखे फुगलेले. दुपारी खिडकीशी बसून ते हवेत काहीतरी करत. आधी तिला वाटलं, मनातल्या मनात वाजवतायत. पण ती बोटं पट्ट्यांवरची नव्हती. एक हात दुसऱ्याभोवती फिरे, मूठ उघडे, अंगठा छातीला लागे. मग पप्पा मान हलवत, नाही नाही म्हणत, आणि पुन्हा पहिल्यापासून करत. संध्याकाळ झाली की अंगात कोट चढवून बाहेर पडत.

"कुठे?"

"जरा पाय मोकळे करून येतो."

तिसऱ्या संध्याकाळी थोरली त्यांच्या मागोमाग निघाली. स्वतःच्या बापाचा पाठलाग करताना तिला हसू येत होतं. पप्पा चर्चवरून पुढे गेले, छापखान्याची गल्ली ओलांडली आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात शिरले.

दार अर्धवट उघडं होतं. आत खळीचा आंबूस वास, भिंतीला टेकलेले पुठ्ठे, मधोमध लोखंडी दाबयंत्र. लांब टेबलाशी एक मुलगी कागदाच्या घड्या एकीवर एक रचून शिवत होती. सुई आत, दोरा ताणला, सुई बाहेर. हातांकडे ती बघत नव्हती. कुठेच बघत नव्हती. थोरलीने तिला ओळखलं. भिंगरी!

चर्चची साफसफाई करणाऱ्या बाईंची मुलगी. जन्मतःच ऐकू न येणारी. लहानपणी वाटेत सापडेल त्या मोकळ्या जागेत गोल गोल फिरायची म्हणून हे नाव पडलं. आई गेली तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेच्या वसतिगृहात राहायची आणि सुटीच्या दिवशी थोरलीच्या घरी जेवायला असायची. तेव्हा घरात सगळेच जरा हातवारे शिकले होते. मग थोरली शिकायला बाहेर पडली आणि सगळं विसरली. भिंगरीची नजर आत आत आक्रसत चालली आहे, असं धाकट्याने कधीतरी फोनवर सांगितलं होतं. हळहळ वाटली होती. मग दुसरा विषय निघाला होता.

पप्पा भिंगरीसमोर स्टूल ओढून बसले. तिच्या मनगटाला हलकेच दोनदा टिचकी मारली. तिने सुई दोऱ्याच्या रिळात खोचली आणि आपले दोन्ही तळवे पप्पांच्या हातांवर ठेवले, उडत्या पाखरावर ठेवावेत इतके हलके. आणि पप्पा बोलू लागले. त्यांचे हात वळत होते, उघडत होते, मिटत होते, आणि तिचे हात त्यांच्यावर स्वार होऊन सगळीकडे जात होते. मध्येच ती त्यांना थांबवी, स्वतः काहीतरी करून दाखवी, आणि पप्पा खो खो हसत. आपले पप्पा इतके बोलतात? थोरली दाराशी खिळून राहिली. घरी त्यांचं बोलणं म्हणजे हो, नाही आणि बघू.

ती जरा पुढे सरकली. भिंगरीने मान वर केली आणि हवा हुंगली.

"या आत," पप्पा न वळताच म्हणाले. "दार उघडलं की तिच्या मानेला वारा लागतो. ती विचारतेय, सरसाचा वास असलेलं कोण आलंय?"

थोरलीने ओशाळून आपले हात पाहिले. पप्पांनी तिला शेजारी बसवलं, भिंगरीच्या तळव्यावर काहीतरी लिहिलं. भिंगरीचा चेहरा उजळला. तिने चाचपत थोरलीचा खांदा शोधला, मग केस, आणि पप्पांच्या हातात झरझर काहीतरी सांगितलं.

"म्हणते, वेणी कापलीस? मला न विचारता?"

थोरलीला हसू फुटलं, आणि मग प्रश्नांची रांग लागली. हे कसं कळतं तिला? वेग कसा सांभाळता? प्रत्येक शब्दाला खूण असते का? पप्पा आनंदाने सांगत होते. रविवारची उपासना ते तिला हातांतून सांगतात, म्हणून पाळकसाहेब प्रवचनाचे मुद्दे आधीच देतात. त्यातले अवघड शब्द आठवडाभर इथे बसून दोघं घासूनपुसून तयार करतात. रोजच्या शब्दांना खुणा असतात, पण सगळ्यांना नसतात. 'कृपा' घ्या. महिनाभर वाद चालला होता.

"मी पाच खुणा सुचवल्या. हिने पाचही उडवून लावल्या. म्हणे, ही तर भीक झाली. हे तर बक्षीस झालं."

"मग?"

पप्पांनी थोरलीला मूठ आवळायला लावली आणि तिच्यावर आपला उघडा तळवा हलकेच, न दाबता, वरून खाली फिरवत राहिले. तिची बोटं आपोआप सैल झाली.

"ही तिने काढली," ते म्हणाले.

थोरली आपल्या उघड्या हाताकडे बघत राहिली. एवढ्यात भिंगरीने पप्पांच्या हातांत काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"विचारतेय," पप्पा सावकाश म्हणाले, "ऑर्गन झाला का दुरुस्त?"

"सांगा, झाला. येत्या रविवारी वाजणार."

त्यांनी सांगितलं. तिने पुढचं विचारलं. तिचा प्रश्न गिळून टाकणं पप्पांना जमण्यासारखं नव्हतं.

"विचारतेय, वाजवणार कोण?"

थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते, आणि त्या डोळ्यांत जेवणाच्या टेबलावर होतं तेच होतं. आता तिला ते वाचता आलं.

"मी," ती म्हणाली.

ते ऐकून पप्पांचे हात क्षणभर हललेच नाहीत. मग त्यांनी तसं सांगितलं.

परतताना छापखान्याच्या गल्लीत थोरलीने त्यांना गाठलं. "आता सांगा."

"सांधे झिजलेत. डॉक्टर म्हणाले, ह्या हातांकडून रोज थोडंच काम मिळेल, आणि तेही वर्षागणिक कमी. ऑर्गनवर तासभर बसलो की दोन दिवस बोटं मिटत नाहीत. मग मी बोलू कशाने?"

"दुसरं कुणी नाही का? त्या खुणा करणाऱ्या बाई होत्या ना?"

"त्या आपल्या मुलाकडे राहायला गेल्या. आणि त्या समोर उभं राहून करायच्या. आता समोरचं हिला दिसतं कुठे? नाण्याएवढं दिसतं, तेही उन्हात. हातांवर हात ठेवून ऐकायला वेळ लागतो गं, दोन्हीकडून. माझे हात तिच्या सवयीचे झालेत." ते दिव्याच्या खांबाशी थांबले. "मंडळीला दुसऱ्या कुणाचाही ऑर्गन ऐकता येईल. थोडा बेसूर असेल, आत्या दात-ओठ खाईल, पण ऐकता येईल. हिला दुसरं कुणीच ऐकू येत नाही."

"आणि मी? मी तुमच्यासाठी केला तो. देवासाठीसुद्धा नाही. तुमच्यासाठी."

"माहीत आहे." ते पुन्हा चालू लागले. "तू गेलीस की मी वर जायचो. भात्याचं नवं चामडं हाताने बघायचो. एकदा नुसता वारा भरला. वाजवलं नाही काही. तो श्वास घेतो ना, तेवढंच ऐकलं."

थोरली त्यांच्या बरोबरीने चालू लागली. लहानपणी तिला पप्पा हवे असायचे तेव्हा ते चर्चमध्ये सराव करत असायचे. ऑर्गनचा तिने तेव्हा मनापासून दुस्वास केला होता, आणि मग तोच शिकून धंदा केला, म्हणजे त्यांच्या जवळ तरी जाता येईल. आणि आता ते त्याच्यापासूनच उठून गेले होते, दुसऱ्याच कुणाच्या मुलीसाठी. मत्सर वाटला तिला. तो लपवण्यात अर्थ नव्हता.

"तिला कळू देऊ नकोस," पप्पा म्हणाले. "तिला वाटतं मी वयामुळे सोडलं. खरं कळलं तर हात काढून घेईल."

थोरलीने शनिवारी धाकट्याला आणि आत्याला चर्चमध्ये बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता ती सराव करत होती, म्हणजे अडखळत होती. सूर जुळवणं वेगळं आणि गाणं वाजवणं वेगळं. लोकांसमोर तिने शाळेनंतर कधी वाजवलंच नव्हतं.

धाकट्याने शेवटच्या बाकाकडे पाहिलं. "दर रविवारी मी पुढे बसतो," तो शेवटी म्हणाला. "पप्पा मागे तिच्याशी काहीतरी करतात, एवढंच माहीत होतं. मागे वळून कधी बघितलंच नाही." बाजू बदलताना त्याने आणखी काही सफाई दिली नाही.

आत्या मात्र शाल आवळून बसली होती. "म्हणजे ह्याने एवढं मोठं करायचं आणि लोकांनी म्हणायचं, म्हातारा रुसला? पुढच्या बाकांवर हेच चाललंय. मी ऐकलंय."

"म्हणू दे, आत्या. त्यांनी स्वतःच सांगितलंय, बोलायचं नाही."

"हं," आत्या म्हणाली. तिचा 'हं' म्हणजे होकार नसतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण थोरलीच्या डोक्यात त्या वेळी ऑर्गनच्या पायांनी दाबायच्या पट्ट्यांचाच गोंधळ चालला होता.

रविवारी चर्च गच्च भरलं. ऑर्गनवर एक छोटा आरसा असतो, वाजवणाऱ्याची पाठ मंडळीकडे असते म्हणून. त्यात थोरलीला वेदी दिसत होती, पाळकसाहेब दिसत होते, आणि आरसा जरा तिरका केला तर शेवटचा बाकही. तिने तो तिरका करून ठेवला.

पहिलं गीत तिने सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला बोट घसरलं. लोक गात राहिले. तिसऱ्या कडव्यात ती त्यांच्या मागे पडली, मग धावत धावत गाठलं. पण नळ्या गात होत्या. सगळ्या. एकही कुठे रेंगाळली नाही, एकही अडकली नाही. ज्या कोपऱ्यात वर्षभर बसून तिने उंदरांना शिव्या दिल्या होत्या तिथून भरदार, गोल आवाज येत होता आणि बाकांच्या लाकडातून पसरत होता. आरशात पप्पांचे हात चालू होते. भिंगरी त्यांच्यावर तळवे ठेवून किंचित झुलत होती.

प्रवचनाआधी पाळकसाहेब पुढे झाले. भला माणूस, आणि आत्याला नाही म्हणू न शकणारा.

"आज उपकारस्तुती करताना," ते म्हणाले, "एका बंधूंचं नाव घेतलंच पाहिजे. ज्यांनी आयुष्यभर इथे ऑर्गन वाजवला. ज्यांचे हात आता फार काम करू शकत नाहीत. आणि ज्यांनी उरलेले हात संगीताला न देता आपल्यातल्या एका लेकराला द्यायचं ठरवलं..."

थोरलीने झटकन आरशात पाहिलं. पप्पांचे हात थांबले होते.

भिंगरीने त्यांची बोटं हलवली. काय झालं? पप्पा बसून होते. चर्चमधल्या माना हळूहळू मागे वळू लागल्या होत्या. भिंगरीने पुन्हा बोटं हलवली, या खेपेला जोराने. तिच्यासाठी एकही शब्द गाळायचा नाही, हा त्या दोघांमधला पहिला करार होता. पप्पांनी डोळे मिटले. मग त्यांचे हात उचलले गेले आणि त्यांनी स्वतःची स्तुती शब्दन् शब्द तिच्या तळव्यांत ओतली.

भिंगरी ऐकत गेली. शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने आपले हात काढून घेतले आणि दोन्ही काखांत घट्ट दाबून धरले.

कानांवर हात ठेवून रुसलेलं माणूस थोरलीने पाहिलं होतं. हात बंद करून बसलेलं माणूस ती पहिल्यांदा पाहत होती. पप्पांनी तिच्या मनगटाला टिचकी मारली. एकदा. पुन्हा एकदा. ती भिंतीसारखी बसली होती. प्रवचन सुरू झालं, संपलं. पप्पा रिकामे हात मांडीवर ठेवून तिच्या शेजारी बसून राहिले.

शेवटचं गीत थोरलीने कसं वाजवलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या खोलीत सगळे कोंबून उभे राहिले. धाकट्याने भिंगरीला हाताला धरून आणलं होतं. दार लागताच तिने काखेतले हात बाहेर काढले आणि पप्पांचे हात असे काही पकडले की त्यांनी ओठ चावला. लगेच तिने पकड सैल केली. मग बोलू लागली.

ती बोलत होती आणि पप्पा मोठ्याने सांगत होते. तिचा आवाज तेच होते, त्यामुळे तिच्या शिव्याही त्यांनाच द्याव्या लागत होत्या.

"ती म्हणते, मी मूर्ख म्हातारा आहे."

कुणी हसलं नाही.

"म्हणते, मला कुणी विचारलं का? माझ्याबद्दल सगळ्यांनी मिळून ठरवलंत. चर्चभर सांगितलंत. मला सगळ्यांच्या शेवटी कळलं." भिंगरीची बोटं थांबायला तयार नव्हती. "म्हणते, लेकरू म्हणता. लेकरू मोठं होतं, हे कुणाच्या लक्षात आहे का?"

"अगं, पण चांगल्यासाठीच..." आत्या पुढे झाली.

पप्पांनी ते भिंगरीला सांगितलं. भिंगरीने आत्याच्या दिशेने तोंड वळवलं.

"अक्का, ती म्हणते, तुम्हाला मिरवायला आवडतं. आज तुम्ही मला मिरवलंत."

आत्याचं तोंड उघडं राहिलं. पंचमंडळात इतक्या वर्षांत असं तिला कुणी ऐकवलं नव्हतं. थोरलीला वाटलं, आता ठिणगी पडणार. पण आत्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "सांग तिला, चुकलं माझं. ह्याला लोक नावं ठेवत होते, ते मला बघवलं नाही. लहानपणी मीच अंगाखांद्यावर वाढवलंय ह्याला."

भिंगरीने ते ऐकून घेतलं. चेहरा जरा निवळला. मग तिने पप्पांचा उजवा हात उलटा केला आणि एकेक सांधा बोटाने चाचपला. दाब देऊन, थांबून, त्यांचा हात कुठे आखडतो ते बघत. शिवलेल्या पुस्तकाची पाठ तपासावी तसं. तपासून झाल्यावर ती पुन्हा बोलली, या वेळी सावकाश.

"म्हणते, महिन्यातला एक रविवार ऑर्गनचा. त्याआधी दोन दिवस मी तिच्या दुकानात जायचं नाही, हात गरम पाण्यात. त्या रविवारी..." पप्पांचा आवाज फाटला. "त्या रविवारी तिला काही ऐकू आलं नाही तरी चालेल."

"असं कसं चालेल?" थोरली एकदम म्हणाली. "पप्पा, नाही. तिला सांगा, असं नको."

भिंगरीने उत्तर दिलं, आणि तिच्या ओठांचा कोपरा वर गेला.

"म्हणते, महिन्यातून एकदा पाळकसाहेबांचं प्रवचन चुकलं तर माझ्या तारणाला काही धोका नाही."

सगळ्यात आधी पाळकसाहेबच हसले. मग धाकटा, मग आत्यासुद्धा, शालीने डोळे टिपत. पप्पा हसत नव्हते. ते मान हलवत होते. नाही, नाही, असं काहीतरी हातांनी सांगत होते. भिंगरीने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत मिटवून ठेवले. बोलणं बंद. त्यांनी तिच्यासाठी जे सोडलं ते तिला विचारून सोडलं नव्हतं. आता तीही विचारणार नव्हती.

"मला शिकवा," थोरली म्हणाली. "दोघं मिळून. त्या रविवारी तिच्या शेजारी मी बसते."

"तू तर उद्या परत जाणार," धाकटा म्हणाला.

"पियानो इथेही बिघडतात."

ती हे बोलून गेली आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं. तिकडची कार्यशाळा, स्वतःची खोली, खिडकीतलं झाड, सगळं एका वाक्यात मागे पडलं होतं. पण मनाला चुटपुट लागण्याऐवजी तिथे प्रश्नच उगवत होते. 'पियानो'ला खूण काय? 'उंदीर'ला? मी अडखळले तर तिला तिच्या हातांत कसं जाणवेल?

उत्तर लवकरच मिळालं. खूप वाईट जाणवायचं. रोज संध्याकाळी थोरली बांधणीच्या दुकानात बसायची आणि भिंगरी तिची बोटं धरून सरळ करायची, पुन्हा पुन्हा, कागदाची घडी मोडावी तशी निष्ठुरपणे. एकदा थोरलीने 'प्रार्थना' म्हणायच्या ऐवजी 'साबण' म्हटलं आणि भिंगरी तो आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटली. खुणा आठवल्या नाहीत की थोरली तिच्या तळव्यावर बोटाने अक्षरं काढायची. ते मंद होतं, पण खात्रीचं होतं.

ऑर्गनच्या पहिल्या रविवारी पप्पा कोट घालून वर गेले. थोरली शेवटच्या बाकावर बसली. भिंगरीचे तळवे तिच्या हातांवर आले, आणि त्यांचा हलकेपणा तिला दचकवून गेला. इतकी वाट बघणारे हात तिने कधी पाहिले नव्हते.

पप्पांनी सुरुवात केली. तोच स्पर्श, तीच घाई नसलेली लय. थोरलीने वर्षभर डोळ्यांपुढे धरलेला चेहरा इथून दिसत नव्हता, पाठच दिसत होती. मग पहिलं कडवं संपता संपता एक सूर चुकला. लगेच दुसरा. उजव्या हाताची करंगळी पोहोचत नव्हती. पप्पा थांबले नाहीत. पुढचा सूर चुकला आणि त्यांनी तो मुद्दाम वाजवल्यासारखा ठासून वाजवला. पुढच्या बाकावर आत्याची मान ताठ झाली.

भिंगरीने थोरलीच्या तळव्यावर बोट टेकवलं आणि अक्षरं काढली. क. सं. मग एक मोठं प्रश्नचिन्ह.

कसं वाजवतायत?

थोरलीने आठवून पाहिलं. 'सुंदर'ची खूण तिला येत होती. 'गोड'चीही येत होती. वेळ होता, आणि भिंगरीला वर काय चाललंय ते कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. एकही शब्द गाळायचा नाही, हा करार आता थोरलीचाही होता. तिने भिंगरीचा तळवा सरळ केला आणि एकेक अक्षर नीट काढलं.

चु. क. ता. य. त.

भिंगरीने क्षणभर ते शब्दात जुळवलं. आणि हसली. पोट धरून, मोकळ्या गळ्याने, आपलं हसू केवढं मोठं आहे याची तिला कल्पनाच नव्हती. गीताच्या मध्यावर अख्खं चर्च मागे वळलं. वर ऑर्गनपाशी पप्पांनीही मान वळवून पाहिलं, तिला हसताना पाहिलं, आणि पुढची सगळी ओळ चुकवली.